परदेशातलं घर: मालकी, वास्तव्य आणि आपलेपण



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण निवृत्तीनंतर संध्याकाळी फिरायला गेलो की लोक मला ब्रह्म आणि माया याबद्दल विचारत नाहीत. विचारतात ते असं: "सर, मुलगा म्हणतोय, मुलुंडचा फ्लॅट विका आणि इकडे या. आमच्याजवळच एखादं छोटं घर घेऊ. काय करावं?" यातलं 'इकडे' म्हणजे कधी न्यू जर्सी, कधी टोरांटो, कधी मेलबर्न, तर कधी दुबई. मुलुंड असो, बोरिवली असो, घाटकोपर असो, आपल्या प्रत्येक सोसायटीत हा प्रश्न दोन-चार घरांत तरी आहेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. मी सीए नाही, वकील नाही, इस्टेट एजंट तर नाहीच. कायद्याच्या ज्या गोष्टी आज सांगेन त्या पैसे पाठवण्याआधी तुमच्या सीएकडून तपासून घ्या, कारण हे नियम दर अर्थसंकल्पाला बदलतात. माझं काम वेगळं आहे. एकच वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात किती प्रश्नांचा बनलेला आहे ते उलगडून दाखवणं, एवढंच मला येतं. आणि या बाबतीत त्याचीच गरज आहे असं माझं मत आहे.

'परदेशात घर घ्यावं का?' हा एक प्रश्न नाही, ते तीन प्रश्न आहेत. पहिला मालकीचा: ते घर माझ्या नावावर होऊ शकतं का? दुसरा वास्तव्याचा: त्या घरात मला राहू देतील का, आणि किती दिवस? तिसरा आपलेपणाचा: तिथे माझा दिवस जाईल का, मी तिथला होईन का? आपण मुंबईत वाढलो. घर नावावर झालं की बाकीचं आपोआप मिळतं अशी आपली समजूत आहे. शेअर सर्टिफिकेट हातात आलं की झालं. देशाच्या आत हे बरंचसं खरं असतं. देशाबाहेर ते खरं नसतं, आणि लोक फसतात ते नेमके इथे.

हे तीन धागे वेगळे असतात, हे आपल्या जुन्या शास्त्रकारांना चांगलं माहीत होतं. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दोन शब्द येतात, आगम आणि भुक्ती. आगम म्हणजे मालकीचा आधार, आजच्या भाषेत खरेदीखत. भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आपण जिला वहिवाट म्हणतो ती. याज्ञवल्क्य म्हणतो की सर्वसाधारणपणे आगम वहिवाटीपेक्षा बलवान, अपवाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीचा. पण पुढे लगेच तो असंही सांगतो की जिथे थोडीसुद्धा वहिवाट नाही, तिथे आगमालाही बळ नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात बसून मिताक्षरा ही टीका लिहिली. आपल्याकडच्या वारसाहक्काचा पाया कित्येक शतकं तीच होती. म्हणजे कागद आणि राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान आपल्याला नवीन नाही. आपण ते विसरलो, इतकंच.

इतकं मागे जायलाही नको. गिरगावातली चाळ आठवा. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुळं गिरगाव, दादर, परळ या भागांत असतील. त्या खोल्या आपल्या वडिलांच्या मालकीच्या होत्या का? नव्हत्या. ते भाडेकरू होते, पागडी देऊन आलेले. पण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने, आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण दिलं होतं. कोर्टात सबळ कारण दाखवल्याशिवाय मालकाला त्यांना काढता येत नव्हतं. मालकी शून्य, वास्तव्याचा हक्क भक्कम, आणि आपलेपणाबद्दल तर बोलायलाच नको. मग आपण उपनगरात आलो आणि मालक झालो. आता तुम्ही परदेशात जे घर घ्यायला निघालात, त्याचा हिशोब याच्या बरोबर उलटा असू शकतो: मालकी पक्की, वास्तव्य अनिश्चित, आपलेपण अजून यायचंय.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिका आणि कॅनडा या दोन शेजाऱ्यांकडे मिळतं. आपली मुलं तिथेच जास्त आहेत.

अमेरिकेत घर विकत घ्यायला तुम्ही तिथले नागरिक असण्याची गरज नाही. पैसे आहेत? घ्या. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. निवृत्तांसाठी म्हणून अमेरिकेचा वेगळा व्हिसाच नाही. तुम्ही पर्यटक म्हणून जाता, विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारतो, आणि साधारणपणे एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. एडिसनमध्ये तुमचं स्वतःचं, पूर्ण पैसे भरलेलं घर आहे, त्याचा प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही बारा महिने भरताय, आणि न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स अख्ख्या अमेरिकेत वरच्या क्रमांकाचा आहे, तरीही सातव्या महिन्यात त्या घरात तुम्ही बेकायदा आहात. मालकी आहे, वास्तव्य नाही.

कॅनडात उलट आहे. तिथे मुलगा किंवा मुलगी नागरिक किंवा कायमची रहिवासी असेल, त्यांचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर असेल, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा घेतला असेल, तर आईवडिलांना सुपर व्हिसा मिळू शकतो. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण घर? १ जानेवारी २०२३ पासून कॅनडाने परदेशी व्यक्तींना शहरी भागात राहतं घर विकत घ्यायला बंदी घातली, आणि तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. वास्तव्य आहे, मालकी नाही. ऑस्ट्रेलियानेही १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना आधीपासून उभी असलेली घरं घेण्यावर बंदी आणली.

आता कोणी म्हणेल, सर, पण काही देशांत घर घेतलं की व्हिसा मिळतो. बरोबर आहे. दुबईत ठरावीक भागांत परदेशी लोकांना २००२ पासून पूर्ण मालकीची घरं घेता येतात, आणि २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. मॉरिशसमध्ये मान्यताप्राप्त योजनेतलं ३ लाख ७५ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेतलं तर राहण्याचा परवाना मिळतो. घर न घेताही पन्नाशीपुढच्या निवृत्त माणसाला, दरमहा ठरलेली रक्कम तिथल्या बँकेत आणण्याच्या अटीवर, परवाना मिळू शकतो. आणि मॉरिशस तर आपल्याला परकंही नाही. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत, शाळांत मराठी शिकवलं जातं.

पण हा परवाना म्हणजे नक्की काय? मुलुंडकरांना हे एका वाक्यात सांगता येतं. व्हिसा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स.

तुम्ही तुमची दुसरी जागा लिव्ह अँड लायसन्सवर देता तेव्हा काय देता? १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यात लायसन्सची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या जागेत, एरवी जे बेकायदा ठरलं असतं ते करण्याची परवानगी. त्या जागेत त्याचा हितसंबंध तयार होत नाही. म्हणून तर आपण निर्धास्त असतो: अकरा महिने संपले, नवा करार करायचा की नाही ते आपण ठरवणार. त्याने आत कितीही महागडं फर्निचर केलं, तरी जागा आपलीच. आता फक्त माणसं बदला. जागामालक म्हणजे तो देश. लायसन्सवर राहणारे तुम्ही. आणि तुम्ही तिथे घेतलेलं घर म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने नव्हे पण तुमच्या परिस्थितीच्या दृष्टीने, त्या जागेत केलेलं फर्निचर. फर्निचर तुमचंच आहे, ते कोणी हिसकावत नाही. पण करार पुढे वाढवायचा की नाही ते मालक ठरवणार.

आणि मालक अटी बदलतात. पोर्तुगालने २०१२ मध्ये गोल्डन व्हिसा आणला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग त्यातून काढून टाकला. स्पेनने २०१३ मध्ये आणलेली अशीच योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना २००२ पासून लोकप्रिय होती. २०२१ मध्ये तिथे बाहेरच्या दरमहा उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेली. ब्रिटनमध्ये स्वतःच्या पैशांवर जगणाऱ्या निवृत्तांसाठी एक वेगळा प्रवर्ग होता, तो २००८ मध्ये बंद झाला. जे आधी गेले त्यांना बऱ्याचदा सवलत मिळते, हेही खरं. या देशांना मी दोष देत नाही. त्यांच्या तरुणांना घरं परवडेनाशी झाली की सरकारं असं करणारच. मुद्दा इतकाच की पंच्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या धोरणावर अवलंबून राहणं, आणि त्याच वेळी आपली सगळी पुंजी तिथल्या भिंतींत घालणं, या दोन जोखमी एकत्र घेऊ नयेत.

आता पैशाकडे येऊ. इथे थोडे आकडे सांगावे लागतील, वही असेल तर लिहून घ्या.

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २००४ मध्ये ही योजना आली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती, २०१५ पासून अडीच लाख आहे. नवरा-बायको मिळून पाच लाख. यात घर, प्रवास, मुलांना दिलेली भेट, सगळं एकत्र धरतात. आणि अशा खरेदीसाठी इथल्या बँकेनं कर्ज द्यायचं नाही, असा नियम आहे, म्हणजे पैसा स्वतःचाच लागतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या 'आता थोडे द्या, बाकी हप्त्याने' अशा योजना मुंबईतल्या प्रदर्शनांत विकल्या जातात. ती योजना फेमा कायद्यात बसते का, हे सही करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पैसे पाठवताना टीसीएस कापला जातो. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर, घरखरेदीसाठी, २० टक्के. समजा एका नावाने ८० लाख पाठवले, तर ७० लाखांवर २० टक्के, म्हणजे १४ लाख वेगळे बाजूला काढावे लागतात. हा जादा कर नाही, विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ते १४ लाख तुमच्या हातात नाहीत. निवृत्त माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट इथला फ्लॅट विकण्याची. घर विकून दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्यावर सूट मिळते, हे सगळ्यांना माहीत असतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं ते प्रसिद्ध कलम ५४. पण २०१४ च्या अर्थसंकल्पात त्यात दोन शब्द घातले गेले: नवं घर 'भारतातलं' हवं. मुलुंडचा फ्लॅट विकून नाशिकला घर घेतलं तर सूट, लिस्बनला घेतलं तर नाही. समजा नफा दीड कोटी आहे. आजच्या १२.५ टक्क्यांच्या दराने कर होतो पावणेएकोणीस लाख, अधिभार वगैरे वेगळा. जुन्या घरांना महागाईची वजावट घेऊन २० टक्के असाही पर्याय आहे, आणि २००१ च्या आधीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, तेव्हा सीएला दोन्ही हिशोब करायला सांगा.

आणि घर घेतल्यावर, तुम्ही कराच्या दृष्टीने भारताचे सर्वसाधारण रहिवासी असेपर्यंत, विवरणपत्रात ते परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावंच लागतं. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली ते न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या छोट्या परदेशी मालमत्तांना यातून सवलत मिळाली, पण त्या सवलतीतून स्थावर मालमत्ता वगळली आहे. पैसा सगळा पांढरा असला तरी कागद चुकला की त्रास होतो.

याच्या उलट, भाड्याचं बघा. परदेशातली मालमत्ता घेण्याबाबत फेमाखाली २०२२ चे जे नियम आहेत, ते पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला लागूच होत नाहीत. भाड्याची रक्कम अर्थात एलआरएसच्या मर्यादेतूनच जाते. म्हणजे सरकारनेही थोडे दिवस राहणं आणि मालक होणं या गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत.

आता एक अप्रिय विषय. म्हातारपणी घर घेताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: आजारी पडलो तर काय, आणि मेलो तर काय. आपण दोन्ही टाळतो.

आपल्या इथल्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसी सर्वसाधारणपणे परदेशातल्या उपचाराला चालत नाहीत. अमेरिकेत मुलगा नागरिक असेल तर तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो. पण ग्रीन कार्ड हातात आलं की लगेच मेडिकेअर मिळत नाही. वय ६५ च्या वर आणि तिथे सलग पाच वर्षांचं वास्तव्य, मग हप्ता भरून त्यात जाता येतं. ही पाच वर्षं तुमची सत्तरीतली असणार. शिवाय ग्रीन कार्ड घेऊन तुम्ही वर्षाहून जास्त काळ मुंबईत राहिलात, तर ते कार्डच धोक्यात येतं. 'कार्डही ठेवू आणि मुलुंडलाही निवांत राहू' हे जमत नाही.

आणि मृत्यूनंतर? भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे वारसा कर ही कल्पनाच आपल्या डोक्यातून गेली आहे. अमेरिकेत ती आहे. तिथला रहिवासी नसलेल्या परदेशी माणसाच्या नावावर तिथे घर असेल आणि तो गेला, तर फक्त ६० हजार डॉलरपर्यंतची मालमत्ता करमुक्त. त्यापुढे कर चढत जाऊन ४० टक्क्यांपर्यंत पोचतो. मुलाच्या सोयीसाठी घर आपल्या नावावर घेतलं, आणि तोच बोजा मुलावर पडला, असं होऊ शकतं. म्हणून तिथल्या मालमत्तेसाठी तिथल्या वकिलाकडून वेगळं मृत्युपत्र करून घ्यावं, आणि घर कोणाच्या नावावर घ्यायचं हे आधी ठरवावं.

याहून महत्त्वाचा प्रश्न मी प्रत्येक जोडप्याला विचारतो: तुमच्यापैकी एक जण गेल्यावर दुसरा कुठे राहील? परदेशाचं नियोजन बहुतेक वेळा दोघं धडधाकट आहेत असं धरून केलेलं असतं. गाडी यजमान चालवतात, बँकेचं ते बघतात. ते गेले की उरलेल्या बाईंकडे नावावर घर असतं, पण दूध आणायला जाता येत नाही. इथे कोपऱ्यावर वाणी आहे, शेजारी बेल वाजवतात. तिथे ही सोय कोण करणार, हे घर बघायला जाल तेव्हा विचारा.

आता तिसरा धागा, आपलेपणाचा. मी इथे थोडं स्वतःचं सांगतो, कारण त्याशिवाय हे पुस्तकी वाटेल.

आमची मुलगी मिसिसागाला असते, टोरांटोच्या शेजारी. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सात महिने तिथे राहिलो. तिच्या घरात नाही, तिच्या घराजवळ एका घराचं बेसमेंट भाड्याने घेऊन. मुलीला ते आवडलं नव्हतं. म्हणाली, "बाबा, तुम्ही काय पाहुणे आहात का?" मी म्हटलं, "कायद्याने तरी आहोतच." ती गप्प झाली. ते वाक्य मी बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं. पण भाड्याने घर घेण्याचा निर्णय बरोबर होता.

आम्हाला काय कळलं? पहिले तीन महिने, उन्हाळ्यात, आम्ही दोघं अगदी खुशीत. ग्रंथालय चालत वीस मिनिटांवर. नातू संध्याकाळी येऊन बसायचा. हिला ग्रंथालयात दोन गुजराती बायका आणि एक पंजाबी बाई भेटल्या, तिचा कंपू जमला. मग नोव्हेंबर आला. साडेचार-पावणेपाचला अंधार. जानेवारीत फुटपाथवर बर्फ गोठून काच झाल्यासारखा, आणि माझे गुडघे हे असे. पाच आठवडे मी एकट्याने बाहेर गेलो नाही. मुलीचं प्रेम होतं, घर उबदार होतं, कसलीही कमतरता नव्हती. पण दुपारी तीन ते सहा या वेळात मी कोण होतो? इथे मी कोणाचा तरी शेजारी असतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणारा असतो, कुणाच्या नातवाला निबंध सांगणारा असतो. तिथे मी फक्त मुलीचा बाप होतो. ती चांगलीच गोष्ट आहे, पण दिवसाचे चोवीस तास ती पुरत नाही.

आम्ही तिथे घर घेतलं असतं तर हे आम्हाला घर घेतल्यावर कळलं असतं. भाड्याने होतो म्हणून सात महिन्यांच्या भाड्यात कळलं. आता आम्ही दर वर्षी मे ते सप्टेंबर तिथे, बाकी इथे. मुलीलाही ते पटलं आहे, म्हणजे पटवून घेतलं आहे.

मुंबई उपनगरांत आपल्याला याची एक रंगीत तालीम मिळालेली आहे, ती म्हणजे रिडेव्हलपमेंट. आमची इमारत पाडली तेव्हा तीन वर्षं आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहिलो. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला भिंतींची फारशी आठवण येत नाही. आठवण येते ती माणसांची, वेळापत्रकाची, ओळखीच्या डॉक्टरांची. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी तेव्हा आपल्याला काय चुकल्यासारखं वाटत होतं ते आठवावं. परदेशात तेच, पण कितीतरी पटीने वाटेल.

काही लोक याला वानप्रस्थ म्हणतात. मनूने सांगितलंय की सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं की वनात जावं. आम्ही नातवंडाचं तोंड पाहिलं की एडिसनला जातो! हरकत नाही. पण वानप्रस्थी माणूस जाताना ओझं कमी करून जायचा. आपण सत्तराव्या वर्षी दुसरं घर, दुसरा कर, दुसरं मृत्युपत्र घेऊन निघतो. त्याला वानप्रस्थ म्हणू नये, दुसरा गृहस्थाश्रम म्हणावं.

गेल्या आठवड्यात हेच बोलणं चालू असताना एक बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं खरं, पण माझे यजमान गेले, दोन्ही मुलं तिकडे, इथे माझं कोण आहे?" याला माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही. इथेच राहणं चांगलं, असं मी म्हणतच नाही. इथेही बंद दारामागे एकटी माणसं आहेत, आणि ते आपण सगळे जाणतो. मी त्यांना एवढंच म्हणालो: ताई, जरूर जा. पण मुलांना सांगा, घर शोधण्याआधी माझ्या राहण्याच्या हक्काचं बघा. ग्रीन कार्ड, सुपर व्हिसा, जे काय त्या देशात असेल ते. मग विम्याचं बघा. आणि मुलुंडचं घर दोन वर्षं तरी विकू नका.

माझं सगळं म्हणणं या क्रमात आहे. आपण उलट्या क्रमाने जातो: आधी घर पसंत करतो, मग व्हिसाचं बघतो, मग विम्याचं, आणि आपलं मन रमेल का हे सगळ्यात शेवटी, तिथे गेल्यावर. क्रम असा हवा. आधी वास्तव्याचा हक्क: किती दिवस, कोणाच्या मर्जीवर, आणि जोडीदार गेल्यावरही टिकेल का. मग उपचार. मग भाड्याने राहून पाहणं, आणि तेही त्या जागेच्या सगळ्यात वाईट ऋतूत. कॅनडात जानेवारी, दुबईत जुलै. चांगल्या ऋतूत कुठलंही गाव आवडतं. या तिन्ही गोष्टी पार पडल्या, तर मालकी. आणि तिन्ही पार पडल्या की बऱ्याच जणांना मालकीची गरजच उरत नाही, असा माझा अंदाज आहे.

दरम्यान इथला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्या. करार नोंदवा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. सोसायटीला कळवा. विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या, पण ते विशिष्ट कामांपुरतं द्या, सरसकट नको. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका, जीवन प्रमाणमुळे तो आता ऑनलाइन देता येतो. आणि उद्या तुम्ही खरंच तिकडचे झालात, अनिवासी झालात, तरी वाट बंद होत नाही. इथलं घर विकून आलेले पैसे, कर भरून, एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. त्यामुळे 'आत्ता विकलं नाही तर पैसे अडकतील' या भीतीने घाई करू नका.

मुलांसाठीही एक शब्द, कारण हे व्याख्यान ऑनलाइन तेही ऐकतील. आईवडिलांना बोलावता तेव्हा तुम्ही त्यांना घर देऊ करता, आणि ते प्रेमानेच करता. पण त्यांना विचारा, दुपारी तीन ते सहा तुम्ही काय कराल? या प्रश्नाचं उत्तर दोघांना मिळून सापडलं, तर मग घर भाड्याचं आहे की मालकीचं, याने फारसा फरक पडत नाही.

 प्रश्न असतील तर आता घेऊ या.